ॲशबीबाईंचं मूळ आडनाव

संयोगिता ॲशबी यांनी कोल्हापुरात, कसबा बावड्याच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. सावळा वर्ण, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, आवाज खणखणीत. तरी नवा माणूस भेटला की विचारायचाच, "मॅडम, तुम्ही इंग्रज काय?"

"व्हय की! परवाच बोटीतनं उतरलोय!" असं म्हणून बाई हसायच्या.

पुढचा प्रश्न मात्र झोंबायचा. "मग मूळ आडनाव काय हो?"

"हेच," एवढंच म्हणून त्या विषय तोडायच्या. कारण मूळ आडनाव त्यांना ठाऊकच नव्हतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळात एक बाई आपलं चार वर्षांचं पोर ॲशबी नावाच्या मिशनरी साहेबाच्या बंगल्यावर सोडून गेली होती. तेच बाईंचे आजोबा. पोराला आपलं नाव 'बाळू' एवढंच सांगता आलं. साहेबानं त्यापुढं स्वतःचं आडनाव लावलं. बाळू ॲशबी मोठे झाले, सुतारकाम शिकले, संसार केला. पण "मला आईनं टाकलं" असं ते अखेरपर्यंत म्हणत राहिले. शेजारी एखादं पोर आईसाठी रडायला लागलं की म्हातारा जेवणावरनं उठून बाहेर चालू लागायचा. बाईंनी लहानपणी हे कितीदा पाहिलं होतं.

साहेबाचा बंगला केव्हाच पडला, तिथं अपार्टमेंट झालं. राहिली ती त्यानं खणलेली विहीर. लोकांच्या तोंडी ॲशबीचं 'आशाबी' झालं आणि विहीर आशाबीची ठरली. कोण पुण्यवान बाई होती म्हणून गुरुवारी तिथं उदबत्तीही लागते. दगडावर अक्षरं कोरणारे ख्वाजाभाई तर छातीठोक सांगतात, "आशाबी आमच्या नानीच्या घराण्यातली, मॅडम!" बाईंनी त्यांना कधी खोटं पाडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत साहेबाची पणती इंग्लंडहून आली. पांढऱ्या केसांची, हळू बोलणारी बाई. आधी तिनं पत्र पाठवलं होतं. कोल्हापुरात आपल्या आडनावाचं घर आहे हे कळल्यावर तिला राहवलं नव्हतं.

"आपण नातेवाईक असू का?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"नाही. तुमच्या पणजोबांनी नाव दिलं, रक्त नव्हे," बाईंनी सरळ सांगितलं.

पाहुणी जरा हिरमुसली. मग म्हणाली, "तसं ते नाव आमचं तरी कुठं? आमच्याकडं ॲशबी नावाची कितीतरी गावं आहेत. त्यातल्या कुठल्या गावावरून आम्ही ॲशबी झालो, आम्हालाही माहीत नाही."

"म्हणजे आमच्याकडच्या 'कर' लावलेल्या आडनावांसारखं," बाई म्हणाल्या. ज्या गावचं नाव तीन पिढ्या मिरवलं, ते त्यांच्या घरातल्या कुणी डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं.

पाहुणीनं पिशवीतून पणजोबांच्या रोजनिशीच्या प्रती काढल्या. बाईंनी चष्मा लावला आणि मनात मराठी करत वाचू लागल्या.

'बाळूची आई तानाबाई आज पुन्हा आली. शिरोळकडून दोन दिवस चालत येते. आत ये म्हटलं तर येत नाही. मी दिसले तर पोर रडेल, त्याला सांगूही नका, म्हणते. विहिरीच्या कठड्याआड बसून त्याला खेळताना पाहते आणि निघून जाते.'

पुढच्या महिन्यात तीच नोंद. त्याच्या पुढच्या महिन्यातही. एकदा तिनं पदरातून मूठभर बोरं आणली होती. साहेबानंच ती पोराला दिली. अशा चौदा महिन्यांच्या नोंदी. मग एक ओळ: 'तानाबाई आली नाही.' चौकशीला धाडलेला माणूस परत आला तो प्लेगनं ओस पडलेलं गाव बघून.

बाईंनी कागद खाली ठेवले. पाहुणीनं त्यांच्या हातावर हात ठेवला, तो त्यांनी तसाच राहू दिला.

पाहुणी परत गेली. दुसऱ्या दिवशी बाई ख्रिस्ती दफनभूमीच्या समितीपुढं उभ्या राहिल्या. आजोबांच्या शेजारी तानाबाईच्या नावाचा दगड बसवायचा होता.

"पण बाई, ती आपल्यातली नव्हती," समितीतले एकजण म्हणाले.

"तिचं पोरगं घेतलं, तवा कुणी विचारलंतं काय, कुणातलं हाय म्हणून?"

अध्यक्षांनी अर्ज पुढं ओढला आणि सही केली.

ख्वाजाभाईंनी काळा दगड निवडला. "नाव?"

"तानाबाई."

"नवऱ्याचं? आडनाव?"

"ठाऊक न्हाय."

"मग पुढं काय घालू?"

बाईंनी विचार केला. "बाळूची आई. एवढंच घाला."

फेब्रुवारीत दगड बसला. सकाळचे नऊ वाजले होते, गवतावर अजून दंव होतं. बाई आजोबांच्या कबरीपाशी वाकल्या आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात म्हणाल्या, "आज्जा, तुला टाकलं न्हवतं. ती येत हुती. दर महिन्याला येत हुती."

ख्वाजाभाई ओल्या फडक्यानं दगडावरची भुकटी पुसत होते. त्यांचा हात थांबला, आणि ते पाठ फिरवून उभे राहिले.