केलीव्हिलचा चौरस आणि दोन आज्या

विमान सिडनीवर उतरू लागले तेव्हा प्रथम समुद्र दिसला, मग लाल कौले आणि त्यांच्या मागच्या अंगणांतले निळे चौकोन. ते पोहण्याचे तलाव आहेत हे शेजारच्या प्रवाशाने सांगितले. सारी नोकरी अलिबागच्या कन्याशाळेत भूमिती, आणि अधूनमधून मराठी, शिकवण्यात गेल्यामुळे मला कोणतेही गाव आधी आकृतीच्या रूपात दिसते. हे गाव आखीव होते. इथे आपले बरे जमेल, असे वाटले.

पहिला अडथळा विमानतळावरच आला. सिडनीत खाद्यपदार्थ आणताना ते जाहीर करावे लागतात, आणि ज्यातून रोप उगवू शकेल असे काहीही देशात नेता येत नाही. मी बिरड्यासाठी नेलेले वाल तपासनीस बाईंनी हातावर घेऊन पाहिले.

"हे पेरले तर उगवेल?" त्यांनी विचारले.

शिक्षिकेला खोटे कसे बोलता येणार? "उत्तम उगवेल," मी म्हटले. वाल गेले.

बाहेर माझा मुलगा निखिल, सून मृण्मयी आणि दहा वर्षांची नात रेवा उभी होती. त्यांच्या शेजारी मृण्मयीच्या आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, सुनंदाताई. वालांची हकिकत ऐकून त्या म्हणाल्या, "अहो विहीणबाई, मी सोललेले, वाळवलेले आणले होते. बघितलंसुद्धा नाही कुणी."

पहिल्या पाच मिनिटांत मी त्यांच्या एक पाऊल मागे पडले होते.

इथल्या मराठी घरांतली एक पद्धत वाचकांना सांगायला हवी. आई-वडील दोघेही नोकरीला, म्हणून आजी-आजोबांच्या पाळ्या लागतात. सहा महिने सुनेकडचे, सहा महिने मुलाकडचे. मध्ये दोन-तीन आठवडे दोन्ही पाळ्या एकमेकींवर येतात. त्यात पहिली आजी दुसरीला गॅसची शेगडी, कचऱ्याचे रंगीत डबे आणि मुलांच्या वेळा समजावून देते आणि निरोप घेते. सुनंदाताई मार्चअखेर ठाण्याला जायच्या होत्या. त्याआधीच करोनामुळे दोन्ही देशांनी आपापली दारे लावून घेतली आणि त्यांचे विमान रद्द झाले. ठाण्यात त्यांचे यजमान एकटे होते. सिडनीच्या केलीव्हिल उपनगरातल्या निखिलच्या दुमजली घरात आम्ही दोघी विहिणी एकाच खोलीत, दोन पलंगांवर, अनिश्चित काळासाठी राहिलो.

भांडणाचा प्रश्नच नव्हता. विहिणींना भांडता येत नाही. "तुम्ही घ्या आधी," "छे, तुम्ही घ्या," असे म्हणत आम्ही चहाचा शेवटचा कपसुद्धा गार करत असू. त्यामुळे जे काही वाटत होते ते आतच राहिले.

वाटत होते ते असे. रेवा बेसबॉल खेळत होती. आदल्या उन्हाळ्यात (तिथला उन्हाळा डिसेंबरात) सुनंदाताई तिला सरावाला नेत आणि मैदानाकडेच्या दोरीपाशी बसून राहत. प्रशिक्षिका ब्रेन्डा ही साठीची बाई होती. सराव संपल्यावर सामान आवरता आवरता ती मुलांना या खेळातली एक अजब गोष्ट सांगे. मुले घरी येईपर्यंत ती विसरत. सुनंदाताई विसरत नसत. आता मैदाने बंद, शाळा संगणकावर, आणि रोज जेवणाच्या टेबलावर त्यांची एक गोष्ट.

"एक खेळाडू होता," वरणभात कालवत त्या सुरू करीत. "दुपारी एका शहरात एका संघाकडून खेळला. हिट मारली. तेवढ्यात निरोप आला, तुला दुसऱ्या संघाला दिलंय. गडी विमानात बसला, रात्री दुसऱ्या शहरात नव्या संघाकडून उतरला, आणि तिथंही हिट."

"सेम डे?" रेवा विचारी.

"त्याच दिवशी. सकाळचा डबा एका घरचा, रात्रीचं जेवण दुसऱ्या घरचं."

रेवा हसून हसून लोळे. मला ती अलिबागची आजी म्हणत असे, त्यांना ठाण्याची आजी. अलिबागच्या आजीने एकदा समजावले की बेसबॉलच्या मैदानाला हिरा म्हणत असले तरी तो मुळात चौरसच आहे, फक्त कोपऱ्यावर उभा केलेला. बाजू समान, कोन काटकोन, आणि धावत गाठायचे बेस म्हणजे त्याचे कोपरे. रेवा म्हणाली, "आय नो, आजी," आणि ठाण्याच्या आजीकडे वळली.

एके दिवशी सुनंदाताईंनी सांगितले की एका खेळाडूची अदलाबदल चक्क स्वतःशीच झाली. एका संघाने त्याला दुसऱ्याला दिले, बदल्यात कोण द्यायचे ते नंतर ठरवू म्हणाले, आणि शेवटी बदल्यात त्यालाच परत पाठवले. हे मला पटले नाही. दुपारी सगळे आपापल्या संगणकांवर असताना मी शोधून पाहिले. खरे निघाले. मग मी बाकीच्याही गोष्टी तपासल्या. साडेतीन फुटांच्या माणसाला एकदाच फलंदाजीला पाठवले, त्याला नेमका चेंडू कुणालाच टाकता येईना, आणि तो काहीही न मारता पहिल्या बेसवर चालत गेला. खरे. एकाने कारकिर्दीतल्या पहिल्याच संधीला चेंडू मैदानाबाहेर मारला आणि पुढे इतकी वर्षे खेळूनही पुन्हा कधीच मारला नाही. खरे. प्रत्येक खऱ्यागणिक माझा जीव थोडा थोडा कडू होत गेला. एक तरी चूक सापडती तर मी ती अत्यंत नम्रपणे दुरुस्त केली असती.

गोष्टींच्या बाजूने शिरकाव नव्हता, म्हणून मी दुसरा दरवाजा शोधला. बेसबॉलमध्ये गुणलेखन ही स्वतंत्र विद्या आहे. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला एक क्रमांक असतो: गोलंदाज एक, यष्टिरक्षकासारखा बसणारा दोन, आणि असे नऊपर्यंत. चेंडू कुणाकडून कुणाकडे गेला ते या आकड्यांत मांडतात. प्रत्येक फलंदाजासाठी एक छोटा चौरस असतो, आणि तो जितके बेस गाठेल तितक्या बाजू पेन्सिलीने ठळक करायच्या. मला ही लिपी पाहताक्षणी आवडली. तिथला हिवाळा मी तिच्यात घालवला. हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानातून आलेले मूग निवडताना सुनंदाताई विचारत, "काय वाचता हो एवढं?" मी म्हणे, "असंच."

सप्टेंबरात वसंत आला आणि निर्बंध सैलावले. सराव सुरू झाला. मैदानाच्या वाटेवर मॅगपाय (काळा-पांढरा, कावळ्याहून देखणा पक्षी) घरटी करतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यावर झेपावतात. पहिल्याच दिवशी एकाने माझ्या अंबाड्यावर चोच मारली. सुनंदाताई शेजारून निवांत चालत होत्या.

"तुम्हाला कसं काही करत नाहीत?" मी रुमाल डोक्याला धरून विचारले.

"चेहरे लक्षात ठेवतात म्हणे. मागच्या वर्षी रोज यायचे ना मी."

आता पक्ष्यांच्यासुद्धा त्या ओळखीच्या होत्या.

रेवाच्या मनात त्या दिवसांत एकच गोष्ट होती. तिने आजवर सामन्यात एकही हिट मारली नव्हती. हिट म्हणजे चेंडू असा मारायचा की कुणाची चूक न होताही आपण बेसवर पोचू. "या सीझनला एक तरी," ती ठाण्याच्या आजीला सांगे. "आय वॉन्ट यू टू सी इट." सुनंदाताईंना परतीच्या खास विमानात जागा मिळाली होती, पहिल्या सामन्यानंतर चार दिवसांनी. म्हणजे त्यांना दिसायची तर त्याच दिवशी.

क्लबचा नियम आला: प्रत्येक मुलामागे मैदानावर एकच मोठे माणूस. निखिल पोहे खाता खाता म्हणाला, "पहिल्या मॅचला ठाण्याची आजी जाऊ दे. त्या चालल्यात ना. आई, तू काय, पुढे आहेसच."

"अर्थात," मी म्हटले आणि पोह्यांवर लिंबू पिळत राहिले, ते संपल्यावरही.

त्याच दिवशी ब्रेन्डाचा संदेश आला: गुणलेखक हवा आहे; गुणलेखक प्रेक्षकांत मोजला जाणार नाही. मृण्मयीने तो वाचून दाखवला आणि मी हात वर केला, वर्गात करतात तसा.

"तुला येतं?" निखिलने विचारले.

सुनंदाताई माझ्याकडे पाहत राहिल्या. "म्हणजे हे वाचत होतात होय," त्या म्हणाल्या. "लपवलंत की विहीणबाई."

सामन्याचा दिवस स्वच्छ होता. निलगिरीच्या झाडांचा औषधी वास, ओले गवत, आणि एरवी चालणारे सॉसेज सिझल (मैदानाकाठी सॉसेज भाजून पावात घालून विकण्याची रीत) बंद असल्यामुळे शाळा-तपासणीच्या दिवसासारखी शांतता. जाळीमागे माझे टेबल. शेजारी अंतर राखून दुसऱ्या संघाचा गुणलेखक, कुणाचे तरी वडील. सुनंदाताई दोरीपलीकडे घडीच्या खुर्चीवर.

गुणलेखकाने टाळी वाजवायची नसते. हे मी वाचले होते, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. रेवा मैदानात आली, तिने दोरीकडे पाहिले, सुनंदाताईंनी दोन्ही हात उंचावले. माझ्या हातात पेन्सिल होती.

दोनदा रेवा हुकली. तिसऱ्यांदा तिने चेंडू मारला. तो सरपटत सहा नंबरच्या मुलीकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या असलेल्या मुलीकडे, सरळ गेला. तिला एक पाऊलही हलावे लागले नाही. चेंडू तिच्या हातमोज्यात शिरला आणि बाहेर पडला. तिने उचलेपर्यंत रेवा पहिल्या बेसवर होती. दोरीकडून सुनंदाताईंचा आवाज आला, "मारली गं माझ्या बाईनं."

नियम असा आहे: साध्या प्रयत्नात जे व्हायला हवे ते झाले नाही, तर ती क्षेत्ररक्षकाची चूक, फलंदाजाला हिट मिळत नाही. निर्णय यजमान संघाच्या गुणलेखकाचा, म्हणजे माझा.

"युअर कॉल, मेट," शेजारचे गृहस्थ म्हणाले. मग माझ्याकडे आणि रेवाकडे पाहून त्यांनी विचारले, "तुमची नात? देऊन टाका की. मी काही बोलणार नाही."

"विहीणबाई, पहिली आहे तिची," सुनंदाताई दोरीवरून म्हणाल्या. "लिहिलीत ना?"

मी चौकटीत चूक लिहिली आणि पुढे सहाचा आकडा काढला. निर्णय बरोबर होता. आजही मी तो चेंडू डोळ्यांसमोर आणते आणि तो तसाच सरळ जातो. पण तो आकडा काढताना मला जो आनंद झाला, तो निर्णय बरोबर असल्याचा नव्हता.

परतताना निखिल गाडी घेऊन न्यायला आला. रेवाने खिडकीकडे तोंड केले होते. शेवटी ती म्हणाली, "शी डिडन्ट गिव्ह इट टू मी."

मला वाटले, आता सुनंदाताई तिला जवळ घेतील. त्यांनी घेतलेही. पण त्या म्हणाल्या, "एक गोष्ट सांगू? एका बोलरने समोर आलेल्या प्रत्येकाला बाद केलं. एकही सुटला नाही. शेवटचाही बाद होता, पण पंच चुकला, नाबाद म्हणाला. नंतर पंच रडला, माफी मागितली. पण जे लिहिलं गेलं ते चुकीचंच राहिलं, कायमचं. तुझी आजी चुकीचं लिहीत नाही. हे बरं की ते बरं?"

मी पुढच्या सीटवर बसून सिग्नलकडे पाहत होते. त्या माझी बाजू इतकी छान मांडतील असे मला वाटले नव्हते, आणि मला त्याचाही हेवा वाटला.

चार दिवसांनी आम्ही त्यांना विमानतळावर सोडले. आत कुणाला सोडत नव्हते. मुखपट्टी लावून त्या काचेपलीकडून हात हलवत राहिल्या. रात्री शेजारचा पलंग रिकामा होता. सगळी रेवा आता माझी होती. जेवताना मी तिला अदलाबदलीची गोष्ट सांगून पाहिली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ठाण्याची आजी डब्याचं पण सांगते." डबा दुसऱ्या गोष्टीतला होता. मी दुरुस्त केले नाही.

हिट नोव्हेंबरात आली. केलीव्हिलच्या रस्त्यांवर जॅकरांडाच्या फुलांचा जांभळा सडा पडला होता. रेवाने मारलेला चेंडू सहा नंबरची आणि तिसऱ्या बेसवरची पाच नंबरची यांच्या मधून, दोघींच्याही हाताला न लागता, गवतावर दूर गेला. त्यात शंकेला जागाच नव्हती. मी चौरसाची पहिली बाजू ठळक केली.

नव्या वर्षात मलाही विमान मिळाले. मुंबईतला विलगीकरणाचा काळ आटोपून अलिबागला आले. दार उघडले तर घरात बंद हवेचा आणि खारट ओलीचा वास. सामान उघडायच्या आत फोन वाजला.

"पोचलात?" सुनंदाताई होत्या. तब्येतीचे, हवेचे, रेवाच्या शाळेचे बोलून झाले. मग त्यांनी विचारले, "ती हिट कशी होती हो? रेवाला विचारलं तर 'याह, आय हिट इट' एवढंच. तुम्ही नीट सांगाल."

मी खुर्ची ओढून बसले आणि क्रमाने सांगितले. कितवा चेंडू, रेवाने पाय कसे रोवले होते, सहा नंबरची कुठे उभी होती, चेंडू कुठून गेला. संपल्यावर फोनवर त्यांच्या गल्लीतला भाजीवाला ओरडताना ऐकू आला.

"फार हेवा वाटतो तुमचा," त्या म्हणाल्या. "खरं सांगते."

प्रवासाने माणूस मोठ्या मनाचा होतो असे मी मुलींना निबंधात लिहायला शिकवत आले. यापुढे ते वाक्य कुणाला सांगताना मी जरा सावध राहीन. कारण त्या हिटमधला एक तपशील मी सुनंदाताईंना सांगितला नाही, आणि सांगणारही नाही. पहिल्या बेसवर पोचल्यावर रेवाने ब्रेन्डाकडे पाहिले नाही, दोरीपाशी उभ्या असलेल्या आपल्या आईकडेही नाही. धापा टाकत, शिरस्त्राण सरळ करत, ती जाळीमागच्या टेबलाकडे वळली आणि माझी पेन्सिल काय लिहिते ते पाहत थांबली. मी मान हलवली. मग ती हसली.