माउसवरचा हात

“हात काढ. माउस हाय तो, कोयता न्हाई.”

ऋतुराज हे सगळ्या लॅबसमोर म्हणाला. पोरं हसली. सरही हसले, ते जास्त लागलं.

आमचं इलेक्ट्रिकल डिप्लोमाचं कॉलेज श्रीगोंद्याकडचं. ऋतुराजचे वडील साखर कारखान्याचे संचालक. माझे आईबाप दर हंगामात पाथर्डीकडून त्याच कारखान्याचा ऊस तोडायला येतात. हे त्याला माहीत होतं.

लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर दोघं. रीत पडून गेलेली. ज्याच्या घरी लॅपटॉप, तो खुर्चीवर. दुसरा मागे स्टूलवर, आकडे लिहायला. मी वर्षभर ऋतुराजच्या मागे स्टूलवर. मोठं सर्किट आटवून एक सोर्स आणि एक रेझिस्टन्स एवढंच उरवायचं, मग बाहेर जोडलेल्या कोणत्या लोडला सगळ्यात जास्त पॉवर मिळते ते सॉफ्टवेअरवर काढायचं. तो वडापाव खात खात काढायचा. मी जळायचे. त्याच्या लॅपटॉपवर जळायचे, कीबोर्डकडे न बघता चालणाऱ्या बोटांवर जळायचे. बिघडला तर दुसरा आणू, ही त्याची बेफिकिरी तर मला बघवायची नाही.

पुढच्या महिन्यातल्या परीक्षेला मात्र प्रत्येकानं एकट्यानं बसायचं होतं. म्हणून त्या दिवशी मी आधी येऊन खुर्ची धरली होती. त्यावर तो कोयत्याचं बोलला.

मी हात काढला नाही. सर्किट जोडलं. तो उरणारा, आतला रेझिस्टन्स मोजताना सोर्स हटवून तिथे नुसती तार जोडायची असते. पुस्तकातलं मला पाठ होतं. पण स्क्रीनवर ते कुठून करायचं, हे कधी दिसलंच नव्हतं. दर वेळी त्याचं डोकं मध्ये यायचं. तार जुळेना. लाल अक्षरांत एरर आली.

“ऊठ, त्याला करू दे,” सर म्हणाले.

कॉलेजात मी जपून, शहरी बोलायचे. तेव्हा घरचंच तोंडात आलं.

“न्हाई उठनार, सर. माझं चुकलंय, मीच काढीन. ह्यानं मागं बसावं.”

सर पुढच्या टेबलाकडे वळले. ऋतुराजनं मागे स्टूल ओढलं. तो आवाज मला फार गोड लागला. मी चुकत राहिले. तास संपता संपता तार जुळली. लोड वाढवत नेला. तो आतल्या रेझिस्टन्सएवढा झाला, तिथे पॉवरची रेघ सगळ्यात वर गेली आणि मग उतरायला लागली. शाबास कुणी म्हटलं नाही.

हेवा अजून आहे. त्याला घरी सराव करता येतो. लॅबला कुलूप लागलं की माझं संपलं. म्हणून त्याला तोंडावर सांगितलंय, अर्धा तास तुझा, अर्धा माझा. माझ्या अर्ध्या तासात तुझे वडील येऊन उभे राहिले, तरी मी खुर्ची सोडणार नाही.