पांढऱ्या गाडीतलं स्थळ

खरं बोलणारा माणूस मध्येच थांबतो. बरीच वर्षं सर्वेक्षणांवर देखरेख करून मी एवढं एक शिकले आहे. घरी स्वयंपाक कोण करतं असं विचारलं की खरं सांगणारी बाई आधी चुलीकडे बघते, मग सुनेकडे, आणि मग म्हणते, "तसं बघायला गेलं तर..." माझ्या कामाचं उत्तर त्याच्यापुढे येतं. जिथे कोणी असं अडखळत नाही तिथे मी पुन्हा जाते.

टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावरून आत गेलं की लागणाऱ्या त्या गावात कोणीच अडखळलं नव्हतं.

अभ्यास मुंबईच्या एका प्राध्यापक बाईंचा होता. शिकणाऱ्या मुलींच्या वाट्याला घरचं काम किती येतं, मोबाइल कोणाच्या हातात असतो, त्यावर त्या काय बघतात, पुढे शिकायचं की नाही हे घरात कोण ठरवतं, असा विषय. शहापूरच्या कॉलेजातल्या दोन मुली घरोघर जाऊन प्रश्न विचारायच्या आणि त्यातल्या काही घरांत मागाहून जाऊन मी पडताळणी करायची, अशी वाटणी होती. भातकापणी, झोडणी उरकली की माणसं घरी सापडतात, म्हणून बाईंनी तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस निवडले होते. मलाही ते सोयीचं वाटलं होतं.

आसनगावच्या बाजूला सगळं रीतसर झालं. आया मुलींच्या तक्रारी करत होत्या, मुली त्यांना तिथल्या तिथे खोडून काढत होत्या. एका घरात तर मोबाइलवरून आमच्यासमोरच जुंपली. असं भांडण झालं की मी निर्धास्त होते. टोकावड्याकडच्या त्या गावात मात्र एकाही मुलीला मोबाइलची आवड नव्हती. सगळ्या पहाटे उठत होत्या. सगळ्यांच्या भाकऱ्या मऊ होत होत्या, आणि भाकरीचं तर आम्ही विचारलंही नव्हतं. पुढे किती शिकणार, या प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर होतं: सासरचे म्हणतील तेवढं.

मला आधी संशय आला तो आमच्या दोघी मुलींचा. ढाब्यावर बसून उत्तरं भरणारी माणसं मी पाहिलेली आहेत. शहापूरला बोलावून दोघींना वेगवेगळं बसवलं आणि एकेका घराचं विचारलं. घराचं दार कुठल्या दिशेला, अंगणात काय होतं, कुत्रा बांधलेला की मोकळा. दोघींचं जुळलं. वर एकीला रागही आला.

"ताई, घरोघर गेलो आमी. चहा पिऊन पिऊन पित्त झालं मला."

त्या चहापाशी मी थबकले. आम्हाला लोक पाणी देतात. फारच झालं तर बसायला गोणपाट टाकतात. प्रत्येक घरात चहा म्हणजे गावाला आमच्याकडून काहीतरी हवं होतं. काय हवं, ते बघायला मी एसटीनं टोकावड्याला उतरले आणि तिथून रिक्षा केली.

पहिल्याच घरी खुर्चीवर धुतलेली चादर घालून मला बसवलं. घरची बाई माझ्याहून थोडी मोठी, बोलकी, हसरी. मी एक विचारलं की ती तीन सांगायची, आणि स्वतःच्या घरापेक्षा शेजारच्या घराचंच जास्त. शेजारी तिच्या दिराचं घर होतं. दिराची मुलगी मुरबाडला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या वर्षाला होती. लय गुणाची, आवाज कधी चढवीत नाय, चष्मा नाय, दात सरळ. पोहे आले, वर ओलं खोबरं. मी बशी हातात घेतली तशी ती पुढे सरकली.

"मंग, पोरगा काय करतो?"

कुठला पोरगा, असं मी विचारलं. माझ्या हुशारीला दाद दिल्यासारखी ती हसली.

"ऱ्हाऊ दे, बाय. नाय सांगायचं तर नको सांगू."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे स्थळ सरळ दारात येत नाही. आधी चौकशी येते. तुळशीचं लग्न लागलं की अनोळखी माणसं गावात फिरू लागतात. कोणाला वासरू घ्यायचं असतं, कोणाला जमीन बघायची असते. माझ्या वेळी एक गृहस्थ पेंढा विकत घ्यायला आले होते. पेंढ्याला हातही न लावता गेले आणि त्याच मोसमात माझं लग्न ठरलं. ते लोक काय विचारतात? घरात माणसं किती, जमीन किती, मुलगी किती शिकली, रांधते कोण, घराबाहेर जायला कोणाला विचारते, मोबाइल स्वतःचा की भावाचा. आमच्या प्रश्नांची मी मनातल्या मनात उजळणी केली. त्यातला एकही प्रश्न चौकशीला आलेल्या माणसानं विचारला नसता असा नव्हता. गावानं मुलींच्या भल्यासाठी एकजुटीनं खोटं सांगितलं होतं, आणि आम्ही ते मुकाट्यानं गोळा केलं होतं.

आमचं काम वाया गेलं, एवढंच असतं तर मी चार शब्द लिहून घरी गेले असते. पण त्या बाईचं बोलणं संपलं नव्हतं. प्राध्यापक बाई मध्ये एकदा पांढऱ्या गाडीतून येऊन गेल्या होत्या. इलेक्ट्रिशियन होणारी मुलगी म्हटल्यावर सगळ्यात जास्त वेळ त्या तिच्याच घरी बसल्या, तिला हातात टेस्टर देऊन स्विचबोर्डाजवळ उभं करून फोटो काढले. गावाच्या हिशेबी मुंबईची सासू स्वतः येऊन पसंती करून गेली होती. मुलीच्या मामानं शहापूरकडचं एक स्थळ आणलं होतं, जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. त्यांना आता थांबा म्हणून कळवलं होतं. आणि मुलीचं आयटीआय बंद केलं होतं. मुंबईवाल्यांनी पोरांच्या घोळक्यात खांबावर चढताना बघितलं तर, असं दीर म्हणाला म्हणे. एसटीचा पास घरी पडून होता आणि परीक्षा जवळ येत होती.

रेंज मिळाली तिथे रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसून मी प्राध्यापक बाईंना फोन लावला. त्या आधी मनापासून हसल्या. मग त्यांचा आवाज बदलला. हे फार मोलाचं आहे, म्हणाल्या, सगळं जसंच्या तसं लिहून ठेवा.

"आत्ता कोणाला काही सांगू नका. काय होतं ते जरा पाहू या."

आणि मुलीची परीक्षा, असं मी विचारलं. अभ्यासकानं लोकांच्या निर्णयात हात घालू नये, असं त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. गाडी, फोटो आणि प्रश्न घेऊन आपण कोपरापर्यंत हात घातलेला आहे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी फक्त बरं म्हटलं. त्या दिवसापासून मला त्यांच्या आस्थेचाही संशय येतो. मुलगी शिकली तर त्यांच्या उपयोगाची आणि शिक्षण सुटलं तर कदाचित जास्तच, असं वाटत राहतं.

मुलीचे वडील अंगणातच भेटले. भाताची शेती आणि उरलेल्या दिवसांत पोल्ट्रीच्या शेडवर काम. मी आडवळण घेतलं नाही. मुलगा नाही, स्थळ नाही, ही मुलींच्या शिक्षणाची पाहणी आहे, गैरसमज झाला, मुलीला आयटीआयला पाठवा. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

"असंच सांगतात, ताई. आमी पण जातो की चौकशीला."

मी ओळखपत्र दाखवलं, पाहणीचं पत्र दाखवलं. त्यांच्या साडूकडे विम्याचे कागद घेऊन आलेल्या माणसानं फाल्गुनात सून नेली होती, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी मग सरळ शपथेवर आले, तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे बघून गेले नि नाय म्हणाले?"

मी पुरती अडकले. स्थळ आहे म्हटलं तर मुलगी घरी बसणार. नाही म्हटलं तर मुंबईवाल्यांनी नाकारलेली मुलगी असा बोभाटा होणार, शेजारची ती बोलकी वहिनी तो दिवस मावळायच्या आत वेशीपर्यंत नेणार, आणि तोंड लपवायला बाप मामाचं स्थळ उरकून टाकणार. मी पाणी मागितलं.

पाणी मुलीनंच आणलं. हाताला शेण होतं, ओटी सारवत होती. बाप गोठ्याकडे वळल्याचं बघून ती हळूच बोलली.

"ताई, नाय म्हणू नका. शिकणारीच पायजे म्हणून सांगा."

एवढं बेतशीर उत्तर त्या उभ्या गावात मला कोणी दिलं नव्हतं. हे आत्ता सुचलं, की आधीपासून तयार होतं?

मला खोटं बोलायची गरज पडली नाही. आमच्या पाहणीची दुसरी फेरी मुलींचे अभ्यासक्रम संपल्यावर होणार होती आणि मध्येच शिक्षण सोडलेल्या मुली तिच्यातून वगळायच्या, असं आधीच ठरलेलं होतं. मी वडिलांना तेच सांगितलं. कोर्स पुरा झाला की आम्ही परत येऊ. मुलीनं मध्ये सोडलं तर येणार नाही. आमचा नियमच तसा आहे. ते काय समजत होते ते मला दिसत होतं. दोनदा खरं सांगून झालं होतं, तिसऱ्यांदा सांगायला मी बसले नाही.

"म्हंजे पास झाली पायजे," ते म्हणाले.

"हो. पास झालीच पाहिजे."

त्यांनी वहिनीला ऐकू जाईल अशा आवाजात मुलीला हाक मारली आणि पास कुठे ठेवलाय ते विचारलं.

रिक्षात बसल्यावर माझा संशय जागेवर आला. मामाचं स्थळ ठरत आलेलं असताना गावात ही मुंबईची आवई नेमकी कोणी उठवली? आमचे प्रश्न चौकशीसारखे होते, मान्य. पण वासरू बघायला आलेल्या माणसाबद्दल गाव आधी कुजबुजतं, आपसात ताडून बघतं. इथे सगळ्या घरांना एकदम आणि पक्कं ठाऊक होतं. ज्या घरात ती पांढरी गाडी थांबली, तिथूनच कोणीतरी पहिला शब्द बाहेर सोडला असणार. आणि त्या घरात मामाचं स्थळ नको असलेलं एकच माणूस होतं. वडील आयटीआय बंद करतील, एवढं फक्त तिच्या हिशेबात बसलं नसावं. ते तिनं माझ्याकडून निस्तरून घेतलं.

प्राध्यापक बाईंचा फोन आला तेव्हा गैरसमज दूर झाला, मुलगी आयटीआयला जाऊ लागली, एवढंच मी सांगितलं. त्यांनी बरेच प्रश्न विचारले. मी एकदाही अडखळले नाही.

परीक्षेनंतर कधीतरी मुरबाडच्या एसटी स्टँडवर ती दिसली. खांद्याला हत्यारांची पिशवी, बाहीला काळा डाग, सोबत दोन मैत्रिणी. मला बघून त्यांना सोडून आली. पास झाल्याचं सांगितलं, दुसरं वर्ष सुरू झाल्याचं सांगितलं. मामाचं शहापूरकडचं स्थळ दुसरीकडे जमलं, हेही तिनं अगदी सहज सांगितलं. मी तिला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, गावात ते पहिल्यांदा तूच बोललीस का?

"नाय," ती म्हणाली. जराही न थांबता.

टोकावड्याची गाडी लागली होती. ती दोन पावलं गेली आणि परत फिरली.

"ताई, ती पांढरी गाडी एकदा परत येईल का? चुलती इचारते सारखी."

बघते, म्हणाले. दुसऱ्या फेरीच्या तयारीत कोणत्या गावाला एसटीनं जायचं आणि कुठे रिक्षानं, ते मी ठरवून ठेवलेलं आहे. त्या गावाच्या नावापुढे मी गाडी लिहिली आहे. प्राध्यापक बाई खर्चाचं कारण विचारतील, तेव्हा रस्ता खराब आहे म्हणून सांगेन.