वन्संची निवडणूक

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी दोऱ्याची रिळं लुटली, हा माझ्या आयुष्यातला एकमेव राजकीय डावपेच. तेव्हा मी जेमतेम साठीची, म्हणजे अक्कल यायची होती.

आमच्या मनूवन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण, देवासला वॉर्डाच्या निवडणुकीत उभ्या होत्या. चिन्ह शिलाई मशीन. आता त्या नाहीत. गल्लीतल्या अर्ध्या बायकांना शिवण त्यांनीच शिकवलेलं. सगळे त्यांना बुआजी म्हणत. कुणाची टीप वाकडी गेली की म्हणायच्या, "उसव. रडतेस काय, कापड अजून आपलंच आहे." वॉर्डात वर्षानुवर्षं एकाच भियाचं, म्हणजे तिकडच्या दादाचं, राज्य, त्याच्यासमोर कुणी अर्जच भरत नसे. वन्संनी भरला. "नळाला पाणी हवं तर त्याच्या ओट्यापुढे हात जोडून उभं राहायचं? अजून रियासत आहे का ही?"

मग मी हुशारी केली. मत देईन म्हणालेल्या बायकांना वाण म्हणून लाल रीळ, बाकीच्यांना कंगवा. दारी आलेल्या सवाष्णीला परत पाठवत नाहीत, म्हणून भियाची बायकोही सतरंजीवर बसली होती. तिच्या हाती कंगवा ठेवताना मी चक्क डोळे मिचकावले. ती सगळ्यांच्या ओंजळीत काय पडतंय ते बघत होती.

दुसऱ्या दिवशी भियाच्या पोरांच्या मोटरसायकली बरोबर रिळांच्याच दारांशी थांबल्या. वन्संची जुनी विद्यार्थिनी गीता, तिचा नवरा म्हणाला, "वोट तो बुआजी को ही देंगे, भिया." त्याचा हात उंबऱ्यातच मोडला. ठाण्यात उत्तर मिळालं, "गिर गया होगा."

मतदानाच्या आदल्या दिवशी वन्सं पुन्हा घरोघर गेल्या. "कल बाहर मत निकलना, बेटा. मुझे वोट नहीं चाहिए." स्वतःविरुद्ध प्रचार करणारी उमेदवार मी तेवढी एकच पाहिली.

मतदानाला आम्ही दोघीच. केंद्राच्या दारातला माणूस अदबीने म्हणाला, "बुआजी, आपका वोट तो डल गया." शेजारचा शिपाई मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. वन्संनी चष्मा पुसला आणि वळल्या.

निकालानंतर भिया गळ्यात हार घालून आला. "आशीर्वाद दो, बुआजी." वन्संनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

तो गेल्यावर मी म्हटलं, "वन्सं, मला चार शब्द सुनावा तरी. माझ्या शहाणपणाने झालं हे."

"तुला काय सुनावू, कुसुम? आपलं कोण हे उघड सांगायला भ्यायचं असतं, हे तुला ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं. तरी मी उभी राहिले, आणि मोडला तो गीताच्या नवऱ्याचा हात."