सुमो चॅम्पियनने जमिनीला हात लावला

"गिलियन बारे सिंड्रोम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हातातली छोटी रबरी हातोडी त्यांनी टेबलावर ठेवली. ती त्यांनी माझ्या मिस्टरांच्या दोन्ही गुडघ्यांवर मारून बघितली होती. पाय एकदाही उडाला नव्हता.

मी बी.कॉम. आहे, आमच्या अख्ख्या खानदानातली पहिली ग्रॅज्युएट. दुबईत सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसात दिवसभर इंग्लिश मेल लिहिते. तरी ते नाव मी बाईंना तीनदा म्हणायला लावलं. उद्या तुमच्या घरात हे नाव आलं तर निदान ते ओळखीचं असावं, म्हणून हे लिहितेय.

आपली प्रतिकारशक्ती जंतूंशी लढते. या आजारात ती आपल्याच नसांवर धावून जाते. पोट बिघडल्यानंतर किंवा ताप येऊन गेल्यानंतर काही जणांना असं होतं. आधी पाय जातात, मग अशक्तपणा वर चढत जातो.

ते ऐकून हे म्हणाले, "म्हणजे आपल्याच तालमीतला पठ्ठ्या आपल्याला चीत करायला बघतोय."

डॉक्टरीणबाई केरळच्या. मी हिंदीत सांगितलं तेव्हा खळखळून हसल्या. "बिलकुल! लेकिन ज्यादातर लोग फिर से खडे हो जाते हैं."

'ज्यादातर' हा शब्द मी पदराच्या गाठीत बांधून ठेवला. यांनी एकच विचारलं, "मी परत रिंगणात उभा राहणार का?" बाई मात्र पुढच्या तपासण्या लिहायला लागल्या.

रिंगण म्हणजे सुमोचं. हसू नका. माझे मिस्टर, तानाजी, सुमोतले चॅम्पियन आहेत.

हे मूळचे सांगलीकडचे. लहानपणापासून तालमीच्या लाल मातीत लोळलेले, गावोगावच्या जत्रांत कुस्त्या मारलेले. इथे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये गोडाऊनचे सुपरवायझर झाले, घाम गाळणं सुटलं आणि वजन वाढत गेलं. एकदा माल घ्यायला आलेल्या एका इजिप्शियन माणसाने यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "हबीबी, सुमो खेलेगा?" ते कोच मुस्तफा. त्यांचं हिंदी या गोडाऊनमध्येच तयार झालेलं.

सुमोचा नियम सोपा आहे. रिंगणाबाहेर पाय पडला की हरलात. पायाच्या तळव्याशिवाय अंगाचं काहीही जमिनीला लागलं, तरी हरलात. आणि आमचे पैलवान म्हणजे वाकून समोरच्याचा पट काढणारे, पाय धरून खेचणारे! हात खाली गेल्याशिवाय यांना कुस्ती लढल्यासारखं वाटायचंच नाही. पहिलं वर्ष सगळं त्यात गेलं. कोच ओरडायचे, "हात नीचे नहीं, तानाजी! ये कुश्ती नहीं है!"

मग ती खोड मोडली. पुढे सलग तीन वर्षं हेवीवेट गटाचा कप आमच्या घरी आला. आमची सई वर्गात सांगते, "माय डॅड पुशेस पीपल." टीचरने मला काळजीने फोन केला होता.

यंदा सरावात अचानक हात परत खाली जायला लागला. कोच चिडले. "फिर कुश्ती? इतने साल बाद?" यांनाही तेच वाटलं. जुनी खोड उलटली, म्हणून हे दुप्पट सराव करायला लागले. खरी गोष्ट अशी होती, की पायच साथ देत नव्हते. तोल जायचा म्हणून हात खाली जायचा. त्याच्या पंधरवडाभर आधी पोट बिघडलं होतं, बोटांना मुंग्या येत होत्या, पण कुस्तीच्या खोडीपुढे त्याचा विचार कोण करतो?

एका सकाळी हे बाथरूमच्या पायपुसण्यावर बसले ते उठेचनात. सई दारात उभी राहून म्हणाली, "आई, बाबा लॉस्ट टु द बाथरूम मॅट." आम्ही तिघंही हसलो. मग मी अँब्युलन्स बोलावली.

माझं ऐका. दोन्ही पायांना मुंग्या येत असतील आणि जिना जड जात असेल, तर कुठल्याही खोडीला दोष देत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

नर्व्ह कंडक्शन स्टडी झाली, म्हणजे नसांमधून बारीक करंट सोडून निरोप किती वेगाने जातो ते बघतात. लंबर पंक्चर झालं, म्हणजे पाठीच्या कण्यातलं पाणी सुईने काढून तपासतात. त्यासाठी कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं असतं. "पोट आहे ना मध्ये!" हे म्हणाले. दोन नर्सनी मिळून यांची घडी घातली.

आयव्हीआयजी म्हणजे लोकांनी दान केलेल्या रक्तातून काढलेली औषधी प्रथिनं. ती सलाईनसारखी पाच दिवस चढवली. त्यांचा डोस वजनावर ठरतो. नर्सने आकडा वाचला आणि परत वजन करायला लावलं. यांची छाती फुगली.

छातीवरून आठवलं. अशक्तपणा श्वासापर्यंत चढू नये, म्हणून दर थोड्या वेळाने यांना नळीत फुंकायला लावायचे. मी बाहेरच्या खुर्चीत बसून ती फुंकर ऐकायचे. जोरात आली की मीही श्वास सोडायचे. एके दिवशी बाईंनी सांगितलं, "अब ऊपर नहीं चढ रहा." कँटीनमधला चहा मला तेव्हा पहिल्यांदा गोड लागला.

त्यानंतर फिजिओथेरपी. सगळ्यात अवघड धडा होता, जमिनीवरून उठायचा. फिलिपिनो थेरपिस्ट ग्रेस सांगायची, "सर, हँड डाऊन, देन पुश." हे हातच खाली ठेवेनात. गुडघ्यावर अर्धे उठायचे, थरथरायचे, धप्पकन बसायचे. घामाने शर्ट भिजायचा.

"अहो, ठेवा ना हात!"

"नाही गं. जातच नाही खाली."

मी कोचना फोन केला. ते आले, बघत उभे राहिले आणि कानामागे खाजवत म्हणाले, "ये बीमारी तो मैंने दी है." मग तो एवढा धिप्पाड माणूस यांच्यासमोर चटईवर बसला. त्याने आपला तळहात जमिनीवर दाणकन ठेवला. "देख, मैं भी हार गया. खलास! अब तू भी हार, यल्ला, चल!"

यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि हात खाली ठेवला. ढकललं. उठले! भिंतीच्या दांड्याला धरून उभे राहिले आणि चटईला लागलेला तो हात, तालमीत मातीला नमस्कार करतात तसा, कपाळाला लावला.

"ये क्या किया?" कोच.

"ये कुश्ती है," हे म्हणाले.

ग्रेसला काहीच कळलं नाही, पण टाळ्या तिनेच सुरू केल्या.

पुढे वॉकर आला, काठी आली, काठी गेली. मुंग्या अजून अधूनमधून येतात. या सगळ्यात ज्या अनोळखी माणसांचं रक्त आमच्या कामी आलं त्यांची नावं कधीच कळणार नाहीत. म्हणून मी आता रक्तदान करते आणि ऑफिसातल्यांच्याही मागे लागते.

गेल्या महिन्यात बाईंनी हलक्या सरावाला परवानगी दिली. शुक्रवारी आम्ही सरावाच्या हॉलवर गेलो. हे कोचसमोर उभे राहिले, भिडले, आणि मी पर्स सावरेपर्यंत कोचने यांना रिंगणाबाहेर नेऊन सोडलंसुद्धा.

सई ओरडली, "बाबा, यू लॉस्ट!"

"हरलो!" हे रिंगणाबाहेरून आमच्याकडे वळून, तोंडभर हसत म्हणाले. "पण पाय बघ की माझे! दोन्हीवर उभा आहे."