सरदारांच्या घशातली नळी

शिंद्यांचं संस्थान विलीन झालं, मग मध्य भारत झाला, तोही मोडून मध्य प्रदेश झाला, आणि या सगळ्या उलथापालथीची शेवटची लढाई झाली आमच्या ऑपरेशन थिएटरात. जबलपूरहून बदलून आलेले डॉक्टर श्वासनळीत नळी घालताना सरळ पातीचा लॅरिंगोस्कोप, म्हणजे जीभ उचलून घसा दाखवणारं हत्यार, वापरत. आमचे लष्करचे, म्हणजे शहरातल्या लष्कर या जुन्या वस्तीतले, साहेब वाकड्या पातीचा. दोघांची रोज अशी जुंपायची की ऐकता ऐकता पेशंट भूल न घेताच झोपून जात.

शेवटी ठरलं, नवशिक्याला जी पात जमेल ती राहील. नवशिका मी. साहेब कानाशी म्हणाले, "दोन्ही फसल्या तर तुझी बदली बस्तरला. वाघांना भूल देत बस." लष्कर सोडायच्या कल्पनेनंच मी तडक बाजार गाठला.

परीक्षेसाठी दाना ओली नावाच्या गल्लीतल्या बाहुल्या करणाऱ्याला सांगितलं, "डोकं बनव, घरंदाज माणसाचं, तोंड उघडं." त्यानं कागदाच्या लगद्याचा अख्खा सरदार घडवला: झुपकेदार मिशा, तिरकी शिंदेशाही पगडी. घशात सायकलच्या दोन ट्यूबा. एकीला फुप्फुस म्हणून फुटबॉलचा ब्लॅडर, दुसरीला पोट म्हणून फुगा. आमच्या सात पिढ्या दरबारात वाकलेल्या! मुजरा केल्याशिवाय त्या तोंडात हात घालवेना. दोन्ही डॉक्टरांसमोर मी वाकलो.

"ये क्या कर रहे हो?" जबलपूरकर ओरडले. "पेशंट की साँस बंद है!"

"जी, बस, इजाजत ले रहा था."

सरळ पातीनं श्वासनळीवरचं झाकण थेट उचलायचं असतं. मी उचलले सरदारांचे पुढचे दात. नळी गेली पोटात. फुंकलं, तर फुगा भोपळ्याएवढा होऊन असा फुटला की मुरारच्या छावणीत शिपाई बंदुका घेऊन उभे राहिले म्हणे.

"बस्तर," साहेब पुटपुटले.

मग वाकडी पात. मुजरा रद्द. टोक जिभेच्या मुळाशी टेकवून वर उचललं, तर झाकण आपसूक बाजूला झालं. नळी आत. फुंकलं. ब्लॅडर फुगला, मिशा थरथरल्या, आणि शपथेवर सांगतो, सरदारांच्या गालांवर लाली चढली.

जबलपूरकरांनी स्वतः फुंकून पाहिलं. "लड़का यहीं रहेगा," ते म्हणाले. "और वो टेढ़ी वाली इधर दीजिए, ज़रा मैं भी देखूँ."

साहेबांनी मिशीत हसत पात दिली. मला म्हणाले, "सकाळी ये. हर्नियाचा पहिलवान आहे, नळी तू घालायची. मी शेजारी उभा असेन."

त्या संध्याकाळी बाड्याच्या चौकात दिसेल त्याला मी जिलबी खिलवली. हलवाई अजून कढई घासतोय.