चांदबीचं पाचवं बारसं

चांदबीची आणि माझी ओळख झाली ती अकरा पोटदुख्यांमुळे. मी तेव्हा हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. कुरुंद्याहून नुकताच आलेलो, अंगात नोकरीचा मोठा रुबाब. एका सकाळी स्टेशनजवळच्या कापसाच्या जिनात काम करणाऱ्या अकरा बायका आल्या आणि ओसरीवर ओळीने बसल्या. सगळ्यांचंच पोट दुखत होतं. मी सगळ्यांना पेपरमिंटचं पाणी पाजलं, पण औषध पोटात जाऊनही कोणी उठेना. मधोमध बसलेली एक उंच, वाळकी बाई हळू आवाजात काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या माना डोलवत होत्या. मधूनच एखादीला आठवण व्हायची, मग ती "आई गं" म्हणून कण्हायची. तासाभराने माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या ओसरीवर जिनातल्या मजूर सभेची बैठक चालली होती!

मी चिडलो. ती बाई, म्हणजे चांदबी, शांतपणे उठली.

"डाक्टरसाब, बैठक भरवायची तर सरकारची इजाजत लागते. पोट दुखायला कुनाची लागते?"

मी डॉक्टर नव्हतो हे तिला चांगलं माहीत होतं. पण 'डाक्टरसाब' म्हटलं की माझा राग अर्धा उतरतो, हेही तिने पहिल्याच भेटीत ओळखलं.

चांदबी चाळिशीची होती. केसांत कापसाचे पुंजके अडकलेले असायचे, त्यामुळे रोज संध्याकाळी ती म्हातारी दिसायची आणि सकाळी पुन्हा तरुण. नवरा कधीच वारला होता. जिनामागच्या वस्तीत ती गया नावाच्या, नवऱ्याने टाकलेल्या मैत्रिणीच्या शेजारी राहायची. निजामाच्या राज्यात चार माणसं जमली की पोलिसांचा जमादार हजर व्हायचा, म्हणून चांदबीने तोड काढली होती. गयाला मुलगी झाली आणि सभेची मोठी सोय झाली. दर बैठकीला त्या मुलीचं बारसं! एका वर्षात तिचं चारदा नाव ठेवलं. चौथ्या बारशाला जमादाराने विचारलंच, "अरे, किती नावं ठेवणार या पोरीला?"

"काय करावं जमादारसाब," चांदबी म्हणाली, "तिला एक पन पसंत पडून न्हाई राहिलं."

त्याच उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. कयाधूचं पात्र आटलं होतं आणि वस्ती नदीतल्या झऱ्यांचं पाणी पीत होती. चांगल्या पाण्याची विहीर होती ती जिनाच्या आवारात. साथ सुरू होताच शेठने जिन बंद केलं आणि फाटकाला कुलूप घातलं. आमचे डॉक्टर परभणीला अडकले होते. मी एकटाच पाण्यात टाकायचं लाल औषध घेऊन झऱ्याझऱ्याला फिरत होतो. तिसऱ्या दिवशी गया गेली. सकाळी तिने भाकरी थापल्या होत्या आणि दिवस मावळायच्या आत तिला माती द्यावी लागली. चांदबीने तिच्या मुलीला कडेवर घेतलं आणि रात्रभर कोणाशी बोलली नाही. ती गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती शेठच्या घरी गेली. तिथे काय झालं ते तिनेच मला नंतर सांगितलं. शेठ माडीवरून खाली उतरले नाहीत. ही अंगणातूनच हात जोडून म्हणाली, "शेठजी, मी कामासाठी न्हाई आले. आइकलं ते सांगाय आले. सरकार तुमच्या जिनात पटकीचा दवाखाना काढून राहिलं म्हनं. बंद पडलेली जागा पाहूनच घेतात. चालू कारखान्याला हात लावत न्हाईत."

सरकारच्या मनात असलं काही नव्हतं. पण शेठच्या डोळ्यांपुढे आपल्या कापसाच्या गाठींच्या कोठारात निजलेले रोगी उभे राहिले. अर्ध्या तासात निरोप आला, बॉयलर पेटवा, धूर दिसला पाहिजे!

"पेटवतो की," चांदबी म्हणाली, "पन मान्सं पान्याबिगर कशी राबतील? फाटक उघडं लागंल. विहीर बी."

अशी विहीर मिळाली. पुढची युक्ती बॉयलरवाल्या मारोतीची. तोही सभेचाच. साथीमुळे गाड्या येत नव्हत्या, त्यामुळे ओटायला, म्हणजे सरकी काढायला, कापूस नव्हताच, नुसती वाफ होती. त्याने वाफेची नळी लोखंडी टाकीत सोडली. विहिरीचं पाणी टाकीत खळाखळा उकळायचं. एक टाकी उकळत असताना दुसरी निवत असे. सभेच्या बायका सकाळपासून फाटकाशी रांग लावायला उभ्या राहायच्या. पुरुष झऱ्यांवर पहारा करायचे आणि जी घरं अंथरुणाला खिळली होती तिथे घागरी पोचवायचे. दोन दिवसांत नुसती वस्तीच नाही, गावातूनही लोक पाण्याला येऊ लागले. एक सोवळे म्हातारबाबा तांब्याची घागर घेऊन आले आणि चांदबीला पाहून थबकले. तिच्या हातचं पाणी घ्यावं कसं?

ती चार पावलं मागे सरली. "बाबा, तोटी तुमीच फिरवा. इहीर शेठची, वाफ मारोतीची, माझी फकस्त बडबड हाय. ती काही घागरीत पडत न्हाई."

बाबा हसले आणि रोज येऊ लागले.

राहिली सुई. पटकीची लस माझ्याकडे आली होती, पण मला पाहिलं की वस्ती ओस पडायची. मी चांदबीकडे गाऱ्हाणं केलं.

"उद्या बारसं हाय," ती म्हणाली. "सुया उकळून आना."

पाचवं बारसं जिनाच्या रिकाम्या कोठारात झालं. आईवेगळ्या लेकराचं बारसं, कोण नाही म्हणणार? सगळी वस्ती आली. पाळण्याच्या एका बाजूला गरम घुगऱ्यांचं पातेलं, दुसऱ्या बाजूला मी. दाराशी चांदबी. "आधी दंड, मग घुगऱ्या!" पहिला दंड तिने स्वतःचा पुढे केला. ओरडली मात्र अशी, की मीच दचकलो. मग हसली आणि म्हणाली, "काही दुखलं न्हाई. मी उगं डाक्टरसाबला भेडवलं." लोकही हसले आणि रांग सरकू लागली.

एवढ्यात जमादार आत शिरला. "क्या जलसा चल रा इधर?"

"बारसं हाय, जमादारसाब. या, बसा. पन सरकारी हुकूम हाय, आत आला तो सुईबिगर भाईर जात न्हाई. विचारा डाक्टरसाबला."

असा कुठलाही हुकूम नव्हता. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी आयुष्यात सरकारच्या नावाने एकदाच खोटं बोललो, ते त्या क्षणी. "हो, सक्त हुकूम आहे," मी म्हणालो. मिशीवाला जमादार पांढराफटक पडला. त्याने डोळे मिटून बाही वर केली आणि दुसऱ्या हाताने चांदबीचा खांदा घट्ट धरून ठेवला. त्यानंतर मागे सरायची कोणाची टाप होती?

सगळ्यांचे दंड झाल्यावर चांदबीने मुलीला पाळण्यात घातलं. मुलीचं नाव या वेळी खरं ठेवलं. गया. कोठारात कोणी हसलं नाही.

साथ ओसरत आली तेव्हा शेठला कळलं की सरकारच्या मनात दवाखाना कधीच नव्हता. त्यांनी चांदबीला फाटकाबाहेर काढलं. माणसं पेटली, आताच्या आता काम बंद करू म्हणाली. चांदबी त्यांच्यावरच ओरडली, "बॉयलर इझवता? अजून चार घरात मान्सं आजारी हायेत. भांडन पळून न्हाई जात, नंतर करू." आणि ती फाटकाबाहेर उभी राहून रांग लावू लागली.

साथ संपली आणि मग मात्र जिन सात दिवस बंद राहिलं. आठव्या दिवशी शेठ फाटकाशी आले. विहीर वस्तीला उघडी राहील, हे त्यांनी कबूल केलं. चांदबीलाही परत घेऊ म्हणाले, फक्त तिने सगळ्यांसमोर माफी मागायची.

चांदबी म्हणाली, "शेठजी, मी खोटं बोलले हे खरं हाय. पन आता माफी मागितली तर ते बी खोटंच होईल. एका बाईनं किती खोटं बोलावं?"

शेठच्या ओठांवर हसू आलं, ते मी पाहिलं. पण त्यांनी ते गिळलं आणि तिचं नाव काढून टाकलं. लोक पुन्हा काम बंद ठेवायला निघाले. तिनेच ऐकलं नाही. विहीर मिळाली, आता लेकरांना उपाशी मारू नका, म्हणाली.

ती छोट्या गयाला घेऊन नांदेडला भावाकडे निघाली. सकाळच्या गाडीला सगळी वस्ती स्टेशनवर आली होती. मी डब्याच्या खिडकीशी गेलो आणि इतके दिवस मनात होतं ते विचारलं, "चांदबी, खरं सांगा. त्या दिवसांत तुम्हाला भीती नाही वाटली?"

"लई वाटली, डाक्टरसाब. रोज वाटायची. पन वस्ती आधीच भ्यालेली, तिच्यात माझी भर कशाला घालू?"

तेवढ्यात जिनाचा भोंगा झाला. फलाटावरच्या बायका पदराने डोळे पुसत तशाच उभ्या. चांदबी खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि ओरडली, "अगं, रडून काय राहिल्या? फाटक बंद होईल ना! पळा!"

आणि त्या रडत रडत पळाल्या. गाडी हलली तेव्हा फलाटावर हात हलवायला मी एकटाच उरलो होतो.